फिलूचा गप्प बसण्याचा धडा

फिलू खुर्चीत मेली होती आणि आम्ही सगळे ती बोलायची वाट बघत बसलो होतो. ऋतुजाने प्रश्न विचारला होता, प्रश्न चांगला होता, आणि फिलू उत्तर देत नव्हती. पदर डोक्यावरून घेतलेला, एक पाय खुर्चीवर, मान जरा कललेली, डोळे अर्धे मिटलेले. तसं बसणं माझं. ती माझीच नक्कल करत होती. पाच विद्यार्थी पडवीत चटईवर आणि मी उंबऱ्याशी सुपात तांदूळ घेऊन. कोणी हलत नव्हतं, कारण तोच तर धडा होता. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचं माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं. जो आधी तोंड उघडेल तो हरला. ऋतुजाच्या कपाळावर घाम आला होता, पण पोरगी धरून होती. मला तिचं कौतुक वाटलं. मी हळूच म्हटलं, "बस गो चेडवा, तोंड उघडू नको. आज तुझी बाई हरतली." पोरं हसली. फिलू हसली नाही. तरीही आम्हाला कळलं नाही. मला तर वाटलं, काय नट आहे ही... आमच्या ह्यांच्यासोबत दशावताराच्या रंगात उभी करायला हवी होती.

मग तिचा चष्मा मांडीवरून घसरून जमिनीवर पडला आणि तिने तो उचलला नाही. तेव्हा मी सूप टाकलं. ते तांदूळ अजून कपाटाखाली सापडतात.

माझ्या मुलाने आमच्याकडे उतरलेल्या पर्यटकांची गाडी मागून घेतली आणि तिला मालवणला नेलं. गाडीत मागे ऋतुजा बसली, फिलूचं डोकं मांडीवर घेऊन. माझ्या गुडघ्यांमुळे मला घरीच ठेवलं. डॉक्टर म्हणाले, संपलंय. आणण्याआधीच संपलं होतं. कधी संपलं ते सांगता येत नाही. लगेच आणली असती तर काय झालं असतं, तेही सांगता येत नाही. मुलाने परत येऊन मला हे सगळं सांगितलं आणि मी त्याला म्हटलं, "परत सांग." त्याने परत सांगितलं. तरी मी तिच्या ताटातला भात झाकून ठेवला होता, तो संध्याकाळपर्यंत तसाच होता. टाकावा असं डोक्यातच आलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिण्याची माझी लायकी नाही आणि हौसही नाही. पण फिलूवर जे छापून आलं त्यात 'कार्यरत असतानाच शांतपणे निधन' असं आहे. ते शांतपणे म्हणजे कसं, हे तिथे नसलेल्यांना माहीत नाही. फिलूच आपल्या विद्यार्थ्यांना सांगायची, पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं लिहा आणि वाटलेलं त्याहून वेगळं लिहा, एकात एक कालवू नका. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलेलं आहे. चष्मा पडला ते पाहिलेलं आहे. म्हटलं, आपणच लिहावं.

ती मालवणची. वडिलांची पावाची भट्टी, आईचं माहेर गोव्यात. नाव फिलोमिना, पण घरात, वाड्यावर आणि पुढे आमच्याकडे फिलूच. मुंबईला मोठ्या विद्यापीठात नाटक शिकवायची. म्हणजे नाटक करायला नाही शिकवायची. नाटक, नाच, गाणं यांत एमए करणाऱ्या मुलांना संशोधन कसं करायचं ते शिकवायची. हे काय असतं ते मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. मी तिला एकदा विचारलं, "म्हंजे तू नक्की काय शिकवतंस?" ती म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात कसां जावचां, तां." मी म्हटलं, "त्याका एमए कित्या होयां?" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण उत्तर दिलं नाही.

आमच्या दारात ती पहिल्यांदा आली तेव्हा पोरसवदा होती. लूनावरून आली, मागे तिच्याहून जड टेपरेकॉर्डर बांधलेला. आमचे हे दशावतारात बाईचं काम करायचे. राणी म्हणा, सती म्हणा, शापाने झाड झालेली अप्सरा म्हणा. जत्रा सुरू झाल्या की माणूस घरी फक्त झोपायला. त्यांच्याकडे बरेच लोक यायचे, शहरातले, कॅमेरे घेऊन. ह्यांची एक खोड होती. महत्त्वाचं काही विचारलं की आधी सुपारी कातरायला घ्यायचे. कातरून तोंडात टाकायचे, ती चघळायचे, खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे, बघायचे आणि मग बोलायचे. तोवर येणारा माणूस दुसरा प्रश्न विचारून मोकळा. कोणी तर उत्तरही स्वतःच द्यायचे, "म्हणजे तुम्हाला रंगदेवतेचा आशीर्वाद वाटतो, बरोबर ना?" हे म्हणायचे, "बरोबर." तो खूश होऊन जायचा. हे मागून मला म्हणायचे, "गेलो. त्याका काय होयां होतां तां त्येनाच सांगल्यान."

फिलूने विचारलं, रंगात असताना पाय दुखतात का. बस, एवढंच. ह्यांनी सुपारी काढली. मी विहिरीवर गेले, कळशी भरून आले, तरी दोघं गप्प. टेप फिरतेय. मी भांडी घासायला बसले. मला वाटलं, पोरगी झोपली की काय. वाकून पाहिलं, तर हात मांडीवर ठेवून बसलेली, ह्यांच्याकडे टक लावून बघतही नाही, इकडेतिकडेही बघत नाही. ह्यांनी सुपारी थुंकली आणि बोलायला लागले, ते जेवणं होईपर्यंत बोलले. मला लग्नाला इतकी वर्षं होऊन जे माहीत नव्हतं ते त्या दिवशी भांडी घासता घासता ऐकलं. ती गेल्यावर हे म्हणाले, "ह्या चेडू कोणाचां गो? ह्येका बसाक येता." ह्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे फणसाला मोगरा येणं.

पुढे तिचं लिखाण झालं. ते घेऊन ती परत आली आणि ह्यांच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवलं. हे असं कोणी केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. लोक यायचे, घेऊन जायचे, आणि एखाद्या अंकात ह्यांचा फोटो यायचा, नाव चुकीचं. फिलूचा नियम होता की ज्याने सांगितलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय कागद पुढे जायचा नाही. त्याने सांगितलेलं तो कापू शकतो. दुसऱ्या कोणाला कापायचा हक्क नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. ह्यांनी सगळं ऐकलं आणि एका जागी हात वर केला. "ह्या नको." आमची धाकटी मुलगी गेली त्या हंगामातली गोष्ट होती. फिलूचा चेहरा पडला, मी पाहिलं. ते तिच्या लिखाणातलं सगळ्यात चांगलं पान होतं, हे मलाही कळत होतं. पण तिने पेन काढलं आणि त्यांच्यादेखत त्या पानावर काट मारली. मुंबईला तिच्या सरांनी तिला त्यावरून फार बोलून घेतलं म्हणे. हे ऐकलेलं आहे, तिच्याच तोंडून. ते पान मीही इथे लिहीत नाही.

हे गेले तेव्हा ती मुंबईहून आली. घर माणसांनी भरलेलं, जो तो मला विचारतोय, किती दिवस आजारी होते, शेवटचं काय बोलले, पाणी घातलं का तोंडात. फिलू माझ्या शेजारी येऊन बसली आणि काही म्हणजे काही विचारलं नाही. दुपार झाली, माणसं पांगली, तेव्हा उठली आणि मागच्या दारी जाऊन सगळ्यांच्या चहाचे कप विसळले. जाताना म्हणाली, "वयनी, येतंय." बस. मला त्या दिवसातलं तेवढंच नीट आठवतं.

मग एका वर्षी येऊन म्हणाली, "वयनी, माका एक कठीण माणूस होयो."

"कित्याक?"

"पोरांका सराव करूक. सोपी माणसां रगड आसत. चाय दितत, फोटो काढूक दितत, विचारलां काय सांगतत. पोरां बिघडतत."

"मगे माझ्याकडे कित्या इलंस?"

"तुझ्यापरास कठीण खंय गावतलो?"

तेव्हापासून दर वर्षी तिची पोरं आमच्याकडे येऊ लागली, मला आजी आणि गेलेल्या ह्यांना आबा म्हणू लागली. सुनेने तोवर घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या होत्या, त्यांतच राहायची. कोण भरतनाट्यम करणारी, कोण तमाशावर लिहिणारा, कोणी आपल्याच आजोबांच्या कीर्तनावर. पहिल्या दिवशी फिलू त्यांना मासे उतरतात तिथे पाठवायची आणि सांगायची, फक्त दिसलं ते लिहून आणा. या शेवटच्या खेपेला ओंकार नावाचा एक नागपूरचा मुलगा होता, समुद्र पहिल्यांदाच बघत होता. त्याने लिहून आणलं, 'समुद्र आज गंभीर होता.' फिलूने चष्म्यावरून बघितलं. "समुद्राने सांगितलं तुला?" सगळे हसले. तो म्हणाला, "मॅडम, पण वाटत होतं तसं." "मग 'मला वाटलं' असं लिही. समुद्राच्या अंगावर कशाला घालतोस? त्याला कमी कामं आहेत?" दुसऱ्या दिवशी तो लिहून घेऊन आला, 'तीन बायका एका टोपलीवरून भांडत होत्या, मला पाहून थांबल्या.' फिलूने त्याला स्वतःच्या ताटातला तळलेला बांगडा दिला. तिच्याकडे शाबासकी अशी असायची.

मग माझ्यावर सराव. एकेकाने येऊन माझ्याशी बोलायचं. मी मुद्दाम वाकडी वागायचे, फिलूने तसं सांगूनच ठेवलेलं. कोणी न विचारता मोबाइल चालू केला की मी आत निघून जायचे. कोणी 'आजी, तुम्हाला फार दुःख झालं असेल ना?' असं विचारलं की मी म्हणायचे, 'नाही.' झालं, पोराच्या तोंडचं पाणी पळायचं. फिलू मागे उभी राहून मान हलवायची. संध्याकाळी ती स्वतः खुर्चीत बसायची, माझ्यासारखा पदर घ्यायची, पाय वर घ्यायची आणि मी बनायची. "काय गो, खंयची तू? लगीन झालां? नाय? मगे हयसर कित्या फिरतंस?" माझ्याच पडवीत मला हसायचे सगळे. मी म्हणायचे, "मी अशी बसणंय नाय." सून स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, अगदी तश्शाच बसता!"

खरा धडा मात्र गप्प बसण्याचा. फिलू म्हणायची, पोरांना सगळं येतं, यंत्रं येतात, पुस्तकं येतात, गप्प बसायला येत नाही. समोरचा थांबला की यांना वाटतं काहीतरी बिघडलं, मग हे बोलतात, आणि जे येणार होतं ते आतल्या आत राहतं. म्हणून ती मी बनून बसायची आणि मध्येच गप्प व्हायची. पोरं चुळबुळायची, खोकायची, एखादा न राहवून म्हणायचा, 'मॅडम, बरं वाटतंय ना?' की ती डोळे उघडून म्हणायची, "हरलास." असे कितीतरी हरले. म्हणून त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

त्या सकाळी तिने पेज अर्धी टाकली. मी रागावले. म्हटलं, मुंबईला राहून तुमची पोटं आखडलीत. ती म्हणाली, खांदा धरलाय, बॅग जड होती. हे मी पाहिलेलं आहे, ऐकलेलंही आहे, आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. दुपारी जेवायच्या आधी म्हणाली, चल, एक सराव करून घेऊ. ऋतुजा पुढे आली. ही सांगलीकडची मुलगी, बारीक, फार न बोलणारी. दशावतारात बाईचं काम करणाऱ्यांच्या बायकांवर तिला प्रबंध लिहायचा होता. रेकॉर्डर लावायला तिने परवानगी मागितली, फिलूने माझ्या थाटात नाक मुरडून दिली. दोनचार प्रश्न झाले, फिलूने माझ्या आवाजात उडवाउडवी केली, पोरं खिदळली. मग ऋतुजाने विचारलं, "आजी, आबांची रंगातली साडी घरी कोण धुवायचं?"

आणि फिलू गप्प झाली.

मी पण हातातलं सूप थांबवलं. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. फिलूनेही नाही. त्यामुळे ती गप्प झाली ते मला अगदी बरोबर वाटलं. तिला उत्तर माहीतच नव्हतं... काय बोलणार होती? ती गप्प झाली ती विचार करायला, की तेव्हाच काही झालं, हे आता कोणी सांगू शकत नाही. माझ्या मनात एक आहे, पण ते वाटलेलं आहे. बाजूला ठेवते.

मातीला सगळे होते. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मी मागच्या बाकावर बसले. पेटीत ती झोपलेली, चष्मा लावलेला. कोणी लावला देव जाणे. मी त्या चष्म्याकडेच बघत राहिले. मला एकसारखं वाटत होतं, आता ती डोळे उघडेल आणि सगळ्या चर्चला म्हणेल, हरलात. इतकं खरं वाटत होतं की मी पुढच्या बाकाची कड धरून बसले. पेटीचं झाकण लावलं तेव्हा मी उभी राहिले आणि शेजारच्या बाईने मला खाली बसवलं.

ऋतुजा तिथे नव्हती. मला वाटलं, तरुण पोरगी आहे, घाबरली असेल. पण पुढे ओंकारचा फोन आला तेव्हा कळलं. फिलूचा थोरला भाऊ जुजे, भट्टी आता तोच चालवतो, तो दवाखान्यात धावत आला तेव्हा ऋतुजा बाहेर बाकावर बसली होती. तो तिच्या अंगावर ओरडला, "इतको येळ तू काय बघीत रवलंस गो? माझी भैण समोर मरता आनी तू बघीत रवलंस?" ती काही बोलली नाही. सांगलीला गेली, ती परत विद्यापीठात आलीच नाही. प्रबंध सोडते म्हणाली. घरच्यांशीही बोलत नव्हती. ओंकार म्हणाला, "आजी, ती म्हणते मी वाट बघत बसले म्हणून मॅडम गेल्या. आम्ही सगळे होतो हो तिथे. पण ती ऐकत नाही."

मी विचारलं, "मी काय बोलले ते जुजेला सांगितलं का तिने?"

"काय बोललात तुम्ही?"

त्या पोराला आठवतही नव्हतं. मी ऋतुजाचा नंबर मागून घेतला. फोन केला. तिने उचलला आणि गप्प. मीही गप्प. मग मला रागच आला. म्हटलं, "हे बघ, मला गप्प बसायचा कंटाळा आलाय. महिन्याची मिस्सा आहे. त्यांच्यात माणूस गेल्यावर महिन्याने प्रार्थना करतात. तू यायचं. आणि त्या दिवशीचं जे यंत्रात भरलंय ते लिहून आणायचं आणि वाचून दाखवायचं. तुझ्या बाईचा नियम आहे."

ती हळू आवाजात म्हणाली, "कोणाला वाचून दाखवू? मॅडम तर..."

"त्या खुर्चीत कोण होतं? मी होते. मला वाचून दाखव."

ती आली. काळवंडली होती पोरगी, हाडं दिसत होती. मिस्सा झाल्यावर मी जुजेला म्हटलं, आमच्याकडे चल. त्याने ऋतुजाला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, "जुजे, तुका तुझ्या भयणीचो आवाज ऐकूचो आसा काय नाय?" तो आला. दुपारचीच वेळ होती. तो पायरीवर बसला, पडवीत चढला नाही. मी खुर्ची ओढून तिच्यात बसले. सून मध्येच म्हणाली, "आई, त्या खुर्चीत नको." मी म्हटलं, "खुर्चीन काय केल्यान?"

ऋतुजाने कागद काढले. फिलूने शिकवलं होतं तसं सगळं लिहिलं होतं, बोलणं आणि मधले आवाजही. ती वाचू लागली. फिलूचे माझ्या थाटातले टोमणे, पोरांचं हसणं. तिच्या सपाट सांगलीच्या आवाजात आमची मालवणी ऐकून एरवी मी हसले असते. मग साडीचा प्रश्न. मग ती वाचू लागली, "शांतता. माडाची झावळी पडल्याचा आवाज. शांतता. रस्त्यावर टेम्पो. विद्यार्थी हसतात. शांतता. चष्मा पडल्याचा..."

"थांब," मी म्हटलं. "विद्यार्थी कशाला हसले?"

तिने पुढचं पान उलटलं.

"मी काय बोलले ते कुठे आहे? यंत्रात नाही आलं?"

"आलंय."

"मग गाळलंस का?"

तिने कागद मांडीवर ठेवले. "आजी, तुम्हाला इथे राहायचंय. मालवणला, बाजारात, सगळीकडे जायचंय. मी काय, मी सांगलीला जाईन."

 कोण कुठली पोरगी... महिनाभर एकटीने अंगावर घेऊन बसली होती, जुजेचं बोलणंही खाल्लं, आणि का, तर या म्हातारीला गावात कोणी बोलू नये म्हणून. माझ्या डोळ्यांना पाणीबिणी येत नाही. रागच आला परत. म्हटलं, "तुझ्या बाईने काय शिकवलं? सांगणाऱ्याने सांगितलेलं कोण कापू शकतं?"

"सांगणारा."

"मी कापत नाही. वाच."

तिने कागद उचलला नाही. तिला पाठच होतं. खाली बघत म्हणाली, "बस गो चेडवा, तोंड उघडू नको. आज तुझी बाई हरतली."

पायरीवर जुजेने मान वर केली. मी त्याला म्हटलं, "ऐकलंस मा? ह्या मी बोललंय. ह्या पोरीक मी गप्प बसवलंय. ती विचारतली होती, बोलूक तोंड उघडलेलां तिना. तुका आरडूचां आसात तर हयसर आरड. मी खंय जाणंय नाय."

तोंड उघडलं होतं की नाही, हे मी पाहिलेलं आहे का? नीट सांगता येत नाही. तेवढं वाटलेलं असेल. बाकीचं पाहिलेलं आहे.

जुजे ओरडला नाही. बराच वेळ तो आपल्या चपलेकडे बघत बसला. आम्हीही गप्प. आता ते गप्प बसणं मला सहन होत नाही, पण बसले. मग तो म्हणाला, "माका पण फसवल्यान असता तिना. ल्हानपणापासून तशीच." आणि मग ऋतुजाला, तिच्याकडे न बघता, "बाय, ती हसता तेवढां लाव." ऋतुजाने रेकॉर्डर काढला. तिला बटण सापडेना. जुजे उठून पडवीत आला आणि तिच्या शेजारी चटईवर बसला. फिलू हसली. माझ्या आवाजात नाही, तिच्या स्वतःच्या. जुजेने परत लावायला सांगितलं. मग परत. पुढची शांतता सुरू व्हायच्या आत ऋतुजा दर वेळी बंद करायची.

जुजे पाव देऊन गेला. ऋतुजा राहिली. कागद पिशवीत घालत होती तेव्हा मी म्हटलं, "प्रश्नाचं उत्तर राहिलं."

तिने पिशवी खाली ठेवली. मग रेकॉर्डर हातात घेतला आणि विचारलं, "लावू?" त्या विचारण्यात फिलू होती. मी म्हटलं, लाव. सुपारी मी खात नाही, नाहीतर तीच काढली असती. थोडी थांबले. पोरगी गप्प बसली, पण माझ्या छातीकडे बघत होती, श्वास चालू आहे की नाही ते. मी सांगितलं, साडी ते स्वतः धुवायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. विहिरीवर सगळी गावकरी मंडळी बघायची, हसायची, आणि हे आपले रंगातली साडी आपटून धुतायत, पिळतायत, माडाला दोरी बांधून वाळत घालतायत. एकदा मी म्हटलं, द्या इकडे. तर म्हणाले, "ती माझी आसा." पुढे मी बरंच काही सांगितलं. ती ते लिहील आणि मला वाचून दाखवायला येईल, तेव्हा ठेवायचं की कापायचं ते बघू.

खुर्ची पडवीतच आहे. निळी, प्लास्टिकची, सुनेने पर्यटकांसाठी घेतलेली. येणारे जाणारे तिच्यात बसतात, समुद्राकडे बघत गप्प होतात. माझ्याने राहवत नाही. मी आतून ओरडते, "बरां आसास मा?" माणसं दचकतात. सून म्हणते, आई, पाहुणे आहेत, शांतता मिळावी म्हणून येतात. येऊ देत. मला उत्तर मिळाल्याशिवाय मी हातातलं काम पुढे नेत नाही. फिलू असती तर म्हणाली असती, वयनी, हरलंस. हरले तर हरले.

तिने शिकवल्याप्रमाणे, पाहिलेलं तेवढंच शेवटी लिहिते. त्या दुपारी आमच्या पडवीत फिलू होती, मी होते, ऋतुजा, ओंकार आणि आणखी तीन पोरं होती. फिलू गेली. आम्ही सहा जण आहोत.